गळा एक, घरे दोन: ब्रूस डिकिन्सनचे सोलो अल्बम समजून घेताना

सप्टेंबर २०१५ मध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 'द बुक ऑफ सोल्स' हा दुहेरी अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातले पहिलेच गाणे, 'इफ इटर्निटी शुड फेल', संपता संपता एक घोगरा, अमानुष आवाज ऐकू येतो आणि आपले नाव नेक्रोपोलिस असल्याचे सांगतो. हा नेक्रोपोलिस कोण, याचा उलगडा अल्बमच्या उरलेल्या दहा गाण्यांत कुठेही होत नाही. पुढे १ मार्च २०२४ रोजी त्याच बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' हा स्वतःच्या नावाचा अल्बम आला. त्याच्यासोबत निघालेल्या चित्रकथेत नेक्रोपोलिस हे मध्यवर्ती पात्र निघाले आणि अल्बममधले सहावे गाणे, 'इटर्निटी हॅज फेल्ड', ऐकताना नऊ वर्षांपूर्वीचीच चाल कानावर आली.

ज्याने हे दोन्ही अल्बम ऐकले आहेत, त्याला प्रश्न पडणे साहजिक आहे. गायक तोच, चाल तीच, मग एक अल्बम बँडचा आणि दुसरा गायकाचा असा भेद कशाच्या आधारावर करायचा? आणि पन्नास वर्षे जुन्या, जगभर मैदाने भरवणाऱ्या बँडचा गायक असताना या माणसाला वेगळे घर मांडावेसे का वाटते? या प्रश्नांची उत्तरे गाण्यांच्या सुरात जितकी आहेत, तितकीच ती 'निर्णय कोण घेतो' या व्यवहारी बाबीत आहेत.

'सोलो' म्हणजे एकट्याने गायलेले नव्हे

पहिला गैरसमज शब्दामुळेच होतो. सोलो अल्बम म्हटले की एकट्या माणसाने गायलेला किंवा वाजवलेला अल्बम, असे वाटते. प्रत्यक्षात डिकिन्सनच्या सोलो अल्बमांवर गिटार, बास (खालच्या सुरांची गिटार), ड्रम्स आणि कीबोर्ड वाजवणारी माणसे असतातच, आणि त्यांतल्या काहींचा वाटा गायकाइतकाच मोठा असतो. 'सोलो' हा शब्द वादकांची संख्या सांगत नाही. मुखपृष्ठावर नाव कोणाचे, वादक कोणी निवडले, कोणते गाणे ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे अखेर कोण ठरवणार, एवढेच तो सांगतो.

एकत्र कुटुंबाचे उदाहरण घेतले, तर हे लवकर ध्यानात येईल. मोठ्या वाड्यात सुगरण सून असते, तिच्या हाताला चवही असते, परंतु आज काय शिजणार आणि तिखट किती पडणार हे तिच्या एकटीच्या मनावर नसते, कारण ताटावर दहा माणसे बसायची असतात आणि घराची एक रीत ठरलेली असते. तीच सून वेगळ्या चुलीवर रांधू लागली की हात तोच राहतो, मसालाही पुष्कळसा तोच राहतो, पण पदार्थ बदलतात. डिकिन्सनचे सोलो अल्बम ही अशी दुसरी चूल आहे.

वाड्याचा कर्ता कोण होता?

आयर्न मेडनची स्थापना १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये बासवादक स्टीव्ह हॅरिसने केली. डिकिन्सन आला तो १९८१ मध्ये, सॅमसन नावाच्या दुसऱ्या बँडमधून, आणि १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या अल्बमपासून बँडचा आवाज म्हणून जगाला तोच माहीत झाला. श्रोत्याच्या दृष्टीने गायक हाच बँडचा चेहरा असतो, त्यामुळे निर्णयही त्याचेच असतील असे आपण गृहीत धरतो. मेडनमध्ये मात्र घराचा कर्ता हॅरिस आहे. सर्वाधिक गाणी त्याची, बँडची एकूण दिशाही त्याचीच.

याचा अर्थ डिकिन्सनला वाव नव्हता असे नाही. गिटारवादक एड्रियन स्मिथबरोबर त्याने बँडची काही गाजलेली गाणी रचली. परंतु १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम' या अल्बमसाठी त्याने आणलेली, विजेच्या गोंगाटाऐवजी साध्या ध्वनिक गिटारीकडे झुकणारी गाणी बँडने स्वीकारली नाहीत, आणि त्या संपूर्ण अल्बमवर गीतकार म्हणून त्याचे नाव कुठेही नाही. ही घटना मला महत्त्वाची वाटते, ती त्यात कोणाची चूक झाली म्हणून नव्हे, कारण अल्बम उत्तम आहे आणि हॅरिसचा नकार बँडच्या हिताचाच असू शकतो. पण सामायिक घरात चांगली कल्पनासुद्धा रीतीत बसत नाही म्हणून परत जाते आणि तिला दुसरा पत्ता लागतो, हे त्यातून दिसते.

पट्टी उतरली की काय बदलते?

आता थोडे सुरांकडे वळू. हेवी मेटल हा रॉक संगीताचा एक प्रकार असून मोठ्या आवाजातली, मुद्दाम खरखरीत केलेली विद्युत गिटार हा त्याचा कणा असतो. त्या गिटारीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सूरखंडाला 'रिफ' म्हणतात. बंदिशीत मुखडा जसा फिरून फिरून समेवर येतो आणि ऐकणाऱ्याला घर दाखवतो, तसेच काहीसे काम रिफ करते.

मेडनची ओळख म्हणजे धावती लय. हॅरिसचा बास आणि गिटारी मिळून घोड्याच्या टापांसारखा ठेका धरतात, वर दोन गिटारी जोडीने सुरावट वाजवतात, आणि या सर्वांच्या वर, तार सप्तकात, डिकिन्सनला शब्दांनी गच्च भरलेल्या ओळी गायच्या असतात. हा आवाज भव्य असतो, पण त्याला थांबायला, श्वास लांबवायला जागा कमी मिळते.

सोलो अल्बमांत, विशेषतः १९९७ नंतरच्या, हे चित्र पालटते. गिटारीच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून त्यांचे सूर खाली आणलेले असतात. आपल्याकडे गायक काळी दोनवरून पांढरी एकला उतरला तर गाणे तेच राहूनही त्याचा रंग गडद होतो. गिटारीच्या बाबतीत त्याशिवाय आणखी एक गोष्ट घडते: सैल तार जास्त हेलकावते आणि खरखरीत स्वरात एक जडपणा येतो. लयही संथ होते. मग गायकाला मंद्र आणि मध्य सप्तकात रेंगाळता येते, एखादा शब्द जवळजवळ बोलल्यासारखा टाकता येतो, आणि तार सप्तकातली झेप राखून ठेवून नेमक्या जागी मारता येते. डिकिन्सनच्या गळ्याची खालची बाजू किती समृद्ध आहे, हे केवळ मेडन ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही.

सात अल्बम आणि बरीच वळणे

सोलो वाटचालीची सुरुवात ठरवून झालेली नव्हती. १९८९ मध्ये मेडनने विश्रांती घेतलेली असताना डिकिन्सनला एका भयपटमालिकेच्या पाचव्या चित्रपटासाठी गाणे करण्याचे निमंत्रण आले. त्याने जॅनिक गर्स या गिटारवादक मित्राला सोबत घेऊन 'ब्रिंग युवर डॉटर टू द स्लॉटर' हे गाणे केले. ते जमले म्हणून याच जोडीने १९९० मध्ये 'टॅटूड मिलियनेअर' हा अल्बम केला. तो मोकळ्याढाकळ्या, हसऱ्या रॉकचा अल्बम आहे आणि त्यात फार खोल पाण्यात कोणी शिरलेले नाही. पण त्यातून दोन गोष्टी परत वाड्यात गेल्या. चित्रपटासाठी केलेले गाणे हॅरिसला इतके आवडले की ते बँडसाठी नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि जानेवारी १९९१ मध्ये ब्रिटनच्या एकेरी गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या यादीत आयर्न मेडनला पहिला क्रमांक मिळवून देणारे हे एकमेव गाणे, आणि ते मुळात सोलो. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः गर्स, जो १९९० मध्ये स्मिथच्या जागी मेडनमध्ये आला आणि आजही तिथेच आहे.

१९९३ मध्ये डिकिन्सनने बँड सोडला. 'बॉल्स टू पिकासो' हा १९९४ चा अल्बम त्याला सहजासहजी सापडला नाही. वेगवेगळ्या वादकांबरोबर केलेले आधीचे प्रयत्न त्याने बाजूला टाकले आणि अखेर लॉस एंजेलिसमध्ये रॉय झी या गिटारवादकाशी त्याची गाठ पडली. रॉय झीच्या ट्राइब ऑफ जिप्सीज या बँडच्या वादनात लॅटिन अमेरिकी तालांचा अंश होता. या अल्बमचे अखेरचे गाणे 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' हे आजही डिकिन्सनचे सर्वांत लोकप्रिय सोलो गाणे आहे. समुद्रात स्वतःला झोकून देण्याची, भीती सोडून देण्याची प्रतिमा त्यात आहे, आणि बँड सोडण्याच्या निर्णयाशी तिचे नाते जोडल्याशिवाय ते ऐकणे कठीण जाते.

पुढचा अल्बम 'स्कंकवर्क्स', १९९६ चा. निर्माता जॅक एंडिनो, ज्याने निर्वाणाचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. हे निर्वाण म्हणजे एक अमेरिकी रॉक बँड, आपल्या नेहमीच्या अर्थाचा मोक्ष नव्हे. डिकिन्सनला हा सोलो अल्बम करायचाच नव्हता. 'स्कंकवर्क्स' हे त्याला एका नव्या, बरोबरीच्या बँडचे नाव म्हणून हवे होते. ध्वनिमुद्रिका कंपनीने मात्र मुखपृष्ठावर त्याचेच नाव हवे असा आग्रह धरला. तरुण वादकांना पर्यायी (ऑल्टरनेटिव्ह) रॉककडे जायचे होते, गायकाला पुन्हा मेटल खुणावू लागले होते, आणि हा बँड फार टिकला नाही. अनेक चाहते हा अल्बम फसलेला मानतात. माझ्या मते तो फसलेला नसून अर्धवट राहिलेला आहे, आणि त्यातल्या चाली पुन्हा ऐकण्याजोग्या आहेत.

याच काळातल्या एका प्रसंगाचा उल्लेख करायलाच हवा. डिसेंबर १९९४ मध्ये, बोस्नियातले साराजेव्हो शहर वेढ्यात असताना आणि तिथे गोळीबार चालू असताना, डिकिन्सन आणि त्याचे तीन तरुण वादक एका मदतसंस्थेच्या ट्रकमधून डोंगरवाटेने शहरात शिरले आणि तिथल्या सांस्कृतिक केंद्रात त्यांनी कार्यक्रम केला. कित्येक टन सामान, प्रचंड रंगमंच आणि विमा कंपन्यांच्या अटी पाठीशी घेऊन फिरणाऱ्या बँडला असे काही करणे जवळजवळ अशक्य असते. वेगळ्या चुलीचा हाही एक फायदा असतो: ती उचलून नेता येते.

त्यानंतर रॉय झीच्या रिफ्स ऐकून डिकिन्सन पुन्हा मेटलकडे वळला आणि मेडन सोडलेला एड्रियन स्मिथही येऊन मिळाला. १९९७ चा 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' आणि १९९८ चा 'द केमिकल वेडिंग' हे दोन अल्बम या तिघांच्या जुळणीतून झाले. यांतला दुसरा हा संपूर्ण सोलो वाटचालीचा कळस आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. त्याचा आधार आहे विल्यम ब्लेक, १७५७ ते १८२७ या काळातला लंडनचा कवी, चित्रकार आणि कोरीवकाम करणारा कारागीर. मुखपृष्ठावर ब्लेकचेच, पिसवेच्या भुताचे विलक्षण चित्र आहे, 'जेरुसलेम' या गाण्यात त्याच्या कवितेच्या ओळी आहेत, आणि काही गाण्यांदरम्यान आर्थर ब्राउन हा जुना रॉक गायक ब्लेकच्या ओळी घुमत्या आवाजात वाचतो. शीर्षकातला विवाह हा किमयेचा आहे: परस्परविरोधी द्रव्ये एकत्र येऊन तिसरेच काही घडणे. हेवी मेटल म्हणजे निव्वळ आरडाओरडा, असे मानणाऱ्याने या एका अल्बमसाठी तासभर बाजूला काढावा. इथे गिटारी खाली उतरलेल्या आहेत, लय जड आहे, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका एकांड्या कवीचे शब्द या गदारोळात जराही परके वाटत नाहीत.

उरलेल्या दोन अल्बमांची गोष्ट थोडक्यात आटोपते. २००५ चा 'टिरनी ऑफ सोल्स' बऱ्याच अंशी टपालाने चालणाऱ्या कामासारखा झाला. रॉय झीने संगीताचे आराखडे पाठवायचे आणि डिकिन्सनने मेडनच्या दौऱ्यावरून सवड काढून त्यांवर चाली व शब्द बसवायचे. त्यानंतर 'द मँड्रेक प्रोजेक्ट' यायला एकोणीस वर्षे गेली. त्याची आखणी २०१४ च्या सुमारास सुरू झाली होती, पण त्या वर्षाअखेर डिकिन्सनच्या जिभेच्या मागच्या बाजूला कर्करोगाची गाठ निघाली. केमोथेरपी आणि किरणोपचारांनंतर मे २०१५ मध्ये तो बरा झाल्याचे जाहीर झाले. ज्याचे वाद्य म्हणजे स्वतःचा घसाच, त्याच्यासाठी हा काळ काय असेल हे वेगळे सांगायला नको.

हा निव्वळ अहंकार किंवा पैशाचा मोह नाही का?

अहंकार कुठल्याच रंगमंचावरून पूर्णपणे हद्दपार झालेला नाही, त्यामुळे तो इथे नाहीच असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु पैशाचा हिशेब मांडला तर उत्तर उलटे येते. मेडनबरोबर मैदाने भरणारा गायक नव्वदच्या दशकात स्वतःच्या नावावर लहान सभागृहांत आणि क्लबांत गात होता. पैसाच हवा असता तर वाडा सोडण्यात शहाणपणा नव्हता.

शिवाय प्रत्येक गायकाचे कारण वेगळे असते, हेही लक्षात घ्यावे. ऑझी ऑस्बोर्न या गायकाला १९७९ मध्ये ब्लॅक सबाथ या मेटल बँडमधून काढून टाकण्यात आले, त्यामुळे १९८० चा त्याचा पहिला सोलो अल्बम ही गरज होती. डिकिन्सनला कोणी घालवले नव्हते. गायक रॉब हॅलफर्ड नव्वदच्या दशकाच्या आरंभी जूडास प्रीस्ट या मेटल बँडमधून बाहेर पडला, वेगवेगळ्या शैलींत फिरला आणि २००० मध्ये 'रिझरेक्शन' या अल्बमने मेटलकडे परतला. त्या अल्बमचा निर्माता रॉय झीच होता आणि त्यातल्या एका गाण्यात हॅलफर्डबरोबर डिकिन्सनही गायला आहे. मेटलचे हे जग बाहेरून दिसते त्याहून बरेच लहान आहे.

सोलो इतके चांगले जमत होते, तर तो परत का गेला?

१९९९ मध्ये डिकिन्सन मेडनमध्ये परतला आणि स्मिथही परतला. गर्सला कोणी काढले नाही, त्यामुळे बँडमध्ये तीन गिटारवादक झाले आणि २००० चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' त्यातून घडला. सहा वर्षे स्वतःच्या चुलीवर रांधलेला माणूस वाड्यात परतला तो वेगळा होऊन परतला, आणि वाड्यालाही त्याची किंमत दरम्यान कळली होती.

मात्र दोन्ही घरांतला उंबरा त्याने पुसू दिला नाही. मेडनच्या कार्यक्रमांत सोलो गाणी गायली जात नाहीत. अपवाद फक्त बँडने आपल्याच नावावर केलेल्या गाण्यांचा. १ फेब्रुवारी २००८ रोजी मेडनचा जगदौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरून सुरू झाला, तेव्हा बँडचे माणूसबळ आणि सामान घेऊन येणारे बोइंग ७५७ विमान चालवणाऱ्यांत स्वतः डिकिन्सन होता, कारण तो परवानाधारक व्यावसायिक वैमानिकही आहे. पण त्या रात्री मुंबईकरांनी ऐकली ती केवळ मेडनची गाणी. 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' ऐकू येईल या आशेने कोणी गेले असेल, तर त्याची निराशा ठरलेलीच होती.

एकच गाणे दोन ठिकाणी विकणे ही फसवणूक नव्हे काय?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. ते सोडवायला हक्कांतला एक फरक माहीत असावा लागतो. कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल, ती रचणाऱ्याची. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे ठरावीक दिवशी ठरावीक माणसांनी वाजवून टिपून घेतलेला प्रत्यक्ष आवाज. ती बहुधा कंपनीची किंवा बँडची. पाककृती आजीची आणि आज रांधलेले पातेले खानावळीचे, असा हा भेद आहे. पातेले उचलून नेता येत नाही, पण पाककृती आजी दुसऱ्या चुलीवर पुन्हा करू शकते.

'इफ इटर्निटी शुड फेल'चा रचनाकार एकटा डिकिन्सन आहे. ते त्याने सोलो अल्बमसाठी रचले होते, हॅरिसला ते आवडले आणि ते मेडनकडे गेले. नेक्रोपोलिसचे स्वगत मूळ कथेतून तसेच चिकटून आले, म्हणून ते बँडच्या अल्बमवर अनाथासारखे वाटते. पुढे सोलो अल्बम खरोखर झाला तेव्हा रचनाकाराने ते आपल्या कथेत परत आणून बसवले. चोरी कोणी कोणाची केलेली नाही. मेडनचे रूप साडेआठ मिनिटांच्या आसपास चालते आणि मध्येच नेहमीची धाव पकडते, सोलो रूप त्याहून सुमारे दीड मिनिटाने आटोपशीर आहे. शीर्षकातही फरक आहे. पहिल्यात अनंतकाळ कोलमडला तर काय, अशी शंका आहे. दुसऱ्यात तो कोलमडलेला आहे.

जुन्या कामाला पुन्हा हात लावण्याची ही सवय पुढेही चालू राहिली. २०२५ मध्ये 'बॉल्स टू पिकासो' हा अल्बम, मूळ ध्वनिमुद्रणावर नवे थर चढवून, 'मोअर बॉल्स टू पिकासो' या नावाने पुन्हा प्रसिद्ध झाला. अशा पुनर्रचनेबद्दल माझे मत संमिश्र आहे, कारण १९९४ च्या अल्बमचा काहीसा उघडाबोडकेपणा हाच मला त्याचा गुण वाटत आला आहे.

नव्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी?

प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकण्याचा हट्ट धरू नये, कारण 'टॅटूड मिलियनेअर' ऐकून पुढच्या अल्बमांची कल्पना येत नाही. आधी 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' ऐकावे, नंतर 'द केमिकल वेडिंग' सलग, शक्यतो हेडफोन लावून आणि गाण्यांचे शब्द समोर ठेवून. त्यानंतर इटर्निटीची दोन्ही रूपे पाठोपाठ लावावीत आणि पहिल्या वेळी गायकाकडे लक्षच देऊ नये. बास आणि गिटार काय करतात, लय कुठे धावते आणि कुठे पाय रोवून उभी राहते, एवढेच ऐकावे. दुसऱ्या वेळी गळा ऐकावा. दोन्हींच्या मध्ये नऊ वर्षे गेलेली आहेत, आणि पहिले ध्वनिमुद्रण झाले तेव्हा घशात गाठ आहे हे गाणाऱ्याला माहीत नव्हते.